बीकरला चिकटलेला गोळा आणि लिओ बेकलंड

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलमध्ये फिनॉल-फॉर्मल्डिहाईड रेझिनचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला आहे. बीकरमध्ये ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड आणि फॉर्मॅलिन घ्यायचं, त्यात दोन ग्रॅम फिनॉल टाकायचं, आणि मग मान शक्य तितकी लांब ठेवून थेंब थेंब हायड्रोक्लोरिक अॅसिड सोडायचं. थोडा वेळ काहीच होत नाही. पार्टनर म्हणतो, "आपलं गंडलंय रे." आणि तेवढ्यात बीकर एकदम गरम होतो, आतलं मिश्रण गढूळ होतं आणि क्षणात गुलाबी, घट्ट गोळा तयार! तो धुवायचा, वाळवायचा, वजन करायचं, यील्ड लिहायचं. सरांची सही झाली की खरा प्रयोग सुरू होतो, तो म्हणजे बीकर साफ करण्याचा. साबण लावा, अॅसिटोन लावा, काचेच्या रॉडने खरवडा, गोळा काही हलत नाही. शेवटी ब्रेकेजचे पैसे भरून आपण मोकळे होतो.

मित्रांनो, आपल्यावर आलेली ही वेळ थोरामोठ्यांवरही आली होती. १८७२ साली जर्मनीतले अॅडॉल्फ फॉन बायर यांनी फिनॉल आणि अल्डिहाईड यांची अभिक्रिया करून पाहिली. हेच बायर पुढे १९०५ साली नोबेल पारितोषिक घेणार होते. त्यांना रंगद्रव्यांत रस होता. त्यांना हवे होते स्वच्छ स्फटिक, आणि हाती आला भांड्याला चिकटून बसणारा राळेसारखा गाळ. त्याचा द्रवणांक काढता येईना, तो कशात विरघळेना, त्याचं शुद्धीकरण होईना. त्या काळच्या रसायनतज्ज्ञाच्या दृष्टीने असा पदार्थ म्हणजे फसलेला प्रयोग. त्यांनी तो तसाच सोडून दिला. पुढे १८९१ साली क्लीबर्ग नावाच्या दुसऱ्या एका रसायनतज्ज्ञाने पुन्हा हात घातला आणि त्यानेही सोडला.

हा गोळा ज्याने सोडला नाही, त्या माणसाबद्दल हा लेख आहे. त्याचं नाव लिओ हेंड्रिक बेकलंड. बेकेलाईट हे नाव त्याच्याच आडनावावरून आलं. घरातला जुना काळा स्विच, बल्बचं होल्डर, प्रेशर कुकरची मूठ या वस्तू त्याच्या गोळ्याच्या वंशातल्या. बेकेलाईट सगळ्यांना ठाऊक असतं, बेकलंड फारसा कुणाला ठाऊक नसतो, म्हणून हा खटाटोप.

बेकलंडचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ चा, बेल्जियममधल्या घेंट शहरातला. वडील जोडे शिवायचे आणि दुरुस्त करायचे, आई श्रीमंतांच्या घरी कामाला जायची. वडिलांचं म्हणणं सरळ होतं : पोराने लवकर हाताखाली यावं, चार पैसे मिळवावेत. आईचं म्हणणं उलटं होतं. तिने दुसऱ्यांच्या घरांतून शिकलेली माणसं पाहिली होती. शेवटी आईचं चाललं. घेंटच्या म्युनिसिपल टेक्निकल स्कूलमध्ये त्याने संध्याकाळच्या वर्गांना बसून रसायन, भौतिक, यंत्रशास्त्र असे विषय केले. आपल्याकडे जसे रात्रशाळेतले विद्यार्थी असतात, तसाच प्रकार.

या वयातली एक गोष्ट त्याच्या चरित्रात हमखास येते. त्याला फोटोग्राफीचं वेड लागलं होतं. फोटोला सिल्व्हर नायट्रेट लागतं आणि ते विकत घ्यायला पैसे नव्हते. वडिलांनी दिलेल्या घड्याळाला चांदीची साखळी होती. पठ्ठ्याने ती साखळीच नायट्रिक अॅसिडमध्ये विरघळवली! पण साखळीची चांदी शुद्ध नसते, त्यात तांबं असतं. तेव्हा ते तांबं वेगळं काढायची पद्धतही त्याने स्वतःच शोधून काढली आणि हवं तसं सिल्व्हर नायट्रेट मिळवलं. इनऑरगॅनिक क्वालिटेटिव्हच्या टेबलात आपण चांदी आणि तांबं वेगळे करतो ते सबमिशनसाठी. त्याने केलं ते गरजेपोटी, आणि घरी काय उत्तर द्यायचं याचा विचार नंतर केला असणार.

१८८० साली घेंट शहराने त्याला शिष्यवृत्ती दिली आणि तो घेंट विद्यापीठात दाखल झाला. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय. गरिबीतून वर आलेल्यांच्या गोष्टी आपल्याला पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या लेक्चरला भरपूर ऐकवल्या जातात. त्यात जिद्द असते, चिकाटी असते, पण फी कुणी भरली ते सांगायचं राहून जातं. बेकलंडची फी त्याच्या शहराने भरली. मोची गल्लीतला एक हुशार मुलगा हेरून त्याला विद्यापीठात पाठवावं असं एका नगरपालिकेला वाटलं. ते वाटलं नसतं तर तो बहुधा घेंटमधला एक चलाख दुकानदार झाला असता.

१८८४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट झाला. प्राध्यापक थिओडोर स्वार्ट्स यांच्या हाताखाली साहाय्यक झाला, पुढे त्याच विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक झाला. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मुलगा सेटल झाला होता.

पण त्याचं मन दोन ठिकाणी अडकलं होतं. एक, स्वार्ट्स सरांच्या मुलीत, सेलीनमध्ये. आणि दुसरं, धंद्यात. १८८७ साली त्याने साध्या पाण्याने डेव्हलप होणाऱ्या फोटोच्या प्लेटचं पेटंट घेतलं आणि एका सहकाऱ्याबरोबर घेंटमध्येच कंपनी काढली. ती चालली नाही. रसायन जमलं, हिशोब जमला नाही. सरांनाही हा धंद्याचा नाद पसंत नव्हता. विद्यापीठातल्या माणसाने विद्यापीठात राहावं, असं त्यांचं मत. सर आणि होणारे सासरे एकच असले म्हणजे व्हायव्हा रोजचाच, हे वेगळं सांगायला नको.

ऑगस्ट १८८९ मध्ये लिओ आणि सेलीनचं लग्न झालं. त्याला एका स्पर्धेत प्रवासाची शिष्यवृत्ती मिळालेली होती, ती वापरून दोघं निघाले. शिष्यवृत्तीचा हेतू परदेशातली विद्यापीठं पाहून परत येणं हा होता. न्यूयॉर्कमध्ये त्याची गाठ कोलंबियाचे प्राध्यापक चार्ल्स चँडलर यांच्याशी आणि फोटोग्राफीचं साहित्य बनवणाऱ्या अँथनी कंपनीच्या माणसांशी पडली. चँडलर म्हणाले, तुझ्यासारख्याची जागा इथे आहे. अँथनी कंपनीने नोकरी देऊ केली. त्याने घेंटची प्राध्यापकी सोडली आणि तो अमेरिकेतच राहिला.

आता यात हालअपेष्टा कुठे आल्या, असं कुणी विचारेल. त्या इथून सुरू झाल्या. दोन वर्षांनी, १८९१ साली, त्याने ती नोकरी सोडली आणि स्वतंत्र सल्लागार रसायनतज्ज्ञ म्हणून बसला. पुढचा काळ वाईट गेला. एकाच वेळी चार-पाच शोध हातात, प्रत्येक अर्धवट, प्रत्येकाला पैसा लागतो आणि पैसा कुठूनच येत नाही. त्यातच तो गंभीर आजारी पडला. परका देश, बायको, लहान मूल, वाढणारं कर्ज, आणि परत जावं तर घेंटची नोकरी आपणच सोडलेली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने विचार केला, तो पुढे त्याने स्वतःच सांगितलेला आहे : दहा गोष्टींच्या मागे धावण्यात आपण मरतो आहोत, तेव्हा ज्यातून सर्वांत लवकर फळ मिळेल अशी एकच धरायची आणि बाकीच्या बाजूला ठेवायच्या.

फायनल इयरचं प्रोजेक्ट, गेट, जीआरई आणि कॅम्पस हे सगळं एकाच सेमिस्टरला करणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचायला हरकत नाही. (मी स्वतः वाचला. उपयोग व्हायचा आहे.)

त्याने धरलेली एक गोष्ट म्हणजे फोटोचा कागद. त्या वेळी बहुतेक कागदांवर प्रिंट काढायला सूर्यप्रकाश लागायचा. निगेटिव्हखाली कागद ठेवून तो उन्हात ठेवायचा. ढग आले की स्टुडिओचा धंदा बसला. बेकलंडने सिल्व्हर क्लोराईडचा असा कागद बनवला की गॅसच्या दिव्यासमोर धरून प्रिंट काढता येईल, आणि दिव्यापासून थोडं दूर गेलं की मंद उजेडातच डेव्हलपही करता येईल. वेगळ्या डार्करूमचीही गरज नाही. याचं नाव ठेवलं व्हेलॉक्स. लिओनार्ड जेकोबी या भागीदाराबरोबर त्याने न्यूयॉर्कजवळ यॉंकर्स इथे नेपेरा केमिकल कंपनी काढली. वर्ष १८९३. अमेरिकेत त्याच वर्षी मोठी मंदी आली होती. बँका बुडत होत्या. कंपनी काढायला यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

आणि माल खपेना. व्यावसायिक फोटोग्राफर वर्षानुवर्षं उन्हात प्रिंट काढत आलेले. नवा कागदही ते जुन्याच सवयीने वापरायचे, पाकिटातल्या सूचना वाचायचे नाहीत, प्रिंट काळी पडली की कागदाला नावं ठेवायचे. कंपनीला तारलं ते हौशी लोकांनी. हौशी माणसाला काहीच येत नसतं, म्हणून तो सूचना नीट वाचतो! संध्याकाळी कामावरून घरी आल्यावर दिव्याच्या उजेडात फोटो काढता येतात म्हटल्यावर त्यांनी व्हेलॉक्स उचलून धरला, आणि मग व्यावसायिकांनाही वळावं लागलं.

कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमनच्या हे लक्षात आलं नसतं तरच नवल. १८९९ साली त्याने बोलणी करायला बोलावलं. इथला किस्सा असा सांगतात की बेकलंडने मनाशी ठरवलं होतं, पन्नास हजार डॉलर मागायचे आणि पंचवीस हजारांच्या खाली यायचं नाही. नशिबाने आकडा पहिल्यांदा ईस्टमन बोलला. व्यवहाराची रक्कम काही ठिकाणी साडेसात लाख डॉलर दिलेली आढळते, काही ठिकाणी दहा लाख. ती भागीदारांत वाटली गेली, तरी बेकलंड वयाच्या पस्तिसाव्या वर्षी श्रीमंत झाला. मात्र करारात अट होती : फोटोग्राफीच्या धंद्यात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीत तो पारंगत होता, तीच त्याला बंद झाली.

त्याने यॉंकर्समध्ये हडसन नदीकाठी मोठं घर घेतलं आणि आवारातच प्रयोगशाळा थाटली. मग या श्रीमंत माणसाने काय करावं? १९०० साली तो बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गच्या तंत्रशाळेत विद्यार्थी म्हणून गेला. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत आपण मागे पडलोय, असं त्याला वाटत होतं. परत आल्यावर नायगारा धबधब्याच्या विजेवर मिठाच्या पाण्यापासून कॉस्टिक सोडा आणि क्लोरिन बनवणाऱ्या हुकर कंपनीसाठी टाऊनसेंड सेलवर काम केलं. टेबलावर चालणारा सेल कारखान्यात चालतोच असं नाही. म्हणून मध्ये एक मधल्या आकाराचा प्लँट उभारून महिनोन् महिने चाचण्या घेतल्या. आपल्या चुका लहान प्रमाणावर करून घ्याव्यात आणि नफा मोठ्या प्रमाणावर करावा, हे त्याचं मत याच काळातल्या अनुभवातून पक्कं झालेलं दिसतं. पायलट प्लँट म्हणजे काय हे आपण केमिकल इंजिनिअरिंगमध्ये व्याख्येसकट लिहितो. ती व्याख्या हीच.

आता पुन्हा गोळ्याकडे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज सगळीकडे पसरत होती, आणि वीज म्हटली की इन्सुलेशन आलं. त्या काळी इन्सुलेशनसाठी लाखेपासून बनवलेलं शेलॅक मोठ्या प्रमाणावर वापरायचे. आणि लाख कुठून यायची? आपल्या भारतातून. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे वाढतात. त्यांनी फांद्यांवर सोडलेला राळेसारखा थर खरवडून लाख मिळते. ग्रामोफोनच्या तबकड्यांतही शेलॅकच असायचं. बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या ज्या जुन्या रेकॉर्ड्स आजोबांच्या पेटीत असतात, हातातून पडल्या की तुकडे होतात, त्याही शेलॅकच्याच. गंमत बघा, अमेरिकेतल्या मोटारी आणि डायनामो भारतातल्या किड्यांवर अवलंबून! मागणी वाढत गेली, पण किड्यांना ओव्हरटाईम लावता येत नाही. भाव चढले. शेलॅकला पर्याय सापडला तर पैसा आहे, हे बेकलंडने हेरलं. घेंटमध्ये रसायन जमलं होतं, हिशोब नव्हता. इथे त्याने सुरुवातच हिशोबापासून केली.

त्याने आधी फिनॉल-फॉर्मल्डिहाईडवरचं जुनं सगळं लिखाण वाचून काढलं आणि इतरांनी केलेले प्रयोग पुन्हा करून पाहिले. पहिल्यांदा त्याने शेलॅकसारखी विरघळणारी राळ बनवली, तिला नाव दिलं नोव्होलॅक. ती बनली, पण शेलॅकला हटवण्याइतकी सरस नव्हती. मग त्याने प्रश्नच उलटा केला. हा गोळा कशात विरघळत नाही, वितळत नाही, हा दोष आहे असं सगळे म्हणतात. पण स्विचला, मोटारीला, डायनामोला नेमकं तेच हवं नाही का? म्हणजे विरघळणारा पदार्थ शोधायचाच नाही. न विरघळणारा पदार्थ हव्या त्या आकारात कसा आणायचा, ते शोधायचं.

इथे थोडं रसायन पाहू, कारण खरी मजा इथे आहे. फिनॉलच्या रिंगवर अभिक्रियेसाठी तीन जागा मोकळ्या असतात : दोन ऑर्थो, एक पॅरा. फॉर्मल्डिहाईड दोन फिनॉलना मिथिलीन पुलाने जोडतो आणि दर जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. दोनच जागा असत्या तर नुसती लांब साखळी झाली असती. तीन असल्यामुळे तिन्ही दिशांना जाळं विणलं जातं. गोळा पूर्ण पक्का झाला की तो सगळा मिळून जणू एकच अवाढव्य रेणू होतो. मग अॅसिटोनने तो विरघळणार कसा? वितळण्यासाठी साखळ्या एकमेकींवरून घसराव्या लागतात, इथे त्या एकमेकींना बांधलेल्याच आहेत. यालाच थर्मोसेटिंग म्हणतात.

अडचण ही की अभिक्रिया प्रचंड उष्णता सोडते. मिश्रण तापतं, आतलं पाणी आणि उरलेला फॉर्मल्डिहाईड उकळून बाहेर यायला बघतात आणि राळ फसफसून स्पंजसारखी फुगते. भोकंभोकं असलेला गोळा इन्सुलेटर म्हणून कुचकामी. बाकीच्या सगळ्यांनी यावर साहजिक उपाय केला : तापमान कमी ठेवायचं, अभिक्रिया हळू चालवायची. त्याने फुगे कमी झाले, पण राळ पक्की व्हायला दिवसच्या दिवस लागायचे, आणि तरी ती तडकायची.

बेकलंडने नेमकं उलट केलं. तापमान वाढवलं. शंभर अंशांच्या बरंच वर नेलं, आणि भांडं बंद करून दाब दिला. दाबाखाली पाणी उकळून फसफसत नाही. हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको, घरी कुकर आहे. उष्णतेने अभिक्रिया झटपट पुरी होते, दाबामुळे फुगे धरत नाहीत, आणि भांड्यातून साच्याच्या आकाराचा टणक, सलग तुकडा निघतो. जून १९०७ मध्ये हे प्रयोग रंगात आले होते. आधी तो लाकडात हे मिश्रण मुरवून लाकूड कडक करायचा प्रयत्न करत होता. लाकडाचं काम मनासारखं होईना, पण त्यातून पाझरलेली राळ भलतीच कडक होते हे त्याने पाहिलं. मग लाकूड सोडून त्याने राळच बंद नळीत घालून तापवली. नळीच्या आकाराचा घट्ट दांडा मिळाला. १३ जुलै १९०७ रोजी त्याने उष्णता आणि दाबाच्या या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळालं ७ डिसेंबर १९०९ रोजी.

तिकडे इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न हा इंजिनिअर याच राळेवर काम करत होता. तो पेटंट ऑफिसात पोहोचला तर बेकलंडचा अर्ज एक दिवस आधी येऊन पडलेला, असं सांगतात. एक दिवस! जर्नल उद्या पूर्ण करू म्हणणाऱ्यांनी याचा काय तो बोध घ्यावा. स्विनबर्न मात्र रडत बसला नाही. त्याने याच राळेचं लॅकर बनवणारी कंपनी काढली, आणि पुढे १९२६ साली ब्रिटनमध्ये बेकेलाईट लिमिटेड झाली तेव्हा तोच तिचा अध्यक्ष झाला.

अभिक्रिया मध्येच थांबवता येते, हाही बेकलंडच्या कामाचा एक महत्त्वाचा भाग. पहिल्या टप्प्यातली राळ पातळ किंवा वितळणारी असते, तिला त्याने ए म्हटलं. दुसऱ्या टप्प्यात ती गरम केल्यावर मऊ पडते पण वितळत नाही, ती बी. तिसऱ्यात पक्की, ती सी. पाठ्यपुस्तकात हेच रेसॉल, रेझिटॉल, रेझाईट म्हणून येतं. म्हणजे कारखान्याने राळ पहिल्या टप्प्यावर थांबवायची, तिच्यात लाकडाचा भुसा मिसळून पूड करायची आणि ती विकायची. गिऱ्हाईकाने आपल्या साच्यात ती गरम दाबून तिसऱ्या टप्प्याला न्यायची. भुशामुळे ठिसूळपणा कमी होतो आणि माल स्वस्तही पडतो. आपण लॅबमध्ये अॅसिड घालून करतो तो नोव्होलॅकचा रस्ता : फिनॉल जास्त, फॉर्मल्डिहाईड कमी. तो एकट्याने पुरता पक्का होत नाही, त्याला नंतर हेक्झामिन द्यावं लागतं. अल्कली आणि जास्तीचा फॉर्मल्डिहाईड घेतला तर रेसॉल मिळतो, तो नुसत्या उष्णतेने पक्का होतो. व्हायव्हाला हा फरक हमखास विचारतात.

आणि हे सगळं त्याने केलं तेव्हा पॉलिमर म्हणजे काय हे जगात कुणालाच धड माहीत नव्हतं. लांबच लांब साखळ्यांचे महारेणू असतात ही कल्पना हर्मान श्टाउडिंगरने मांडली १९२० मध्ये, आणि तीही लोकांनी लगेच मानली नाही. बेकलंडकडे रचना नव्हती. होतं एक वजनकाटा, एक थर्मामीटर, एक प्रेशर गेज आणि प्रत्येक प्रयोगाची नोंद.

फेब्रुवारी १९०९ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या रसायनतज्ज्ञांसमोर बेकेलाईट जाहीर केलं. सेल्युलॉइड त्याआधीच आलं होतं, पण ते कापसाच्या सेल्युलोजपासून बनायचं आणि भुर्रकन पेट घ्यायचं. बेकेलाईटमध्ये झाड, किडा, प्राणी यांच्याकडून काहीच घेतलेलं नव्हतं. पूर्णपणे माणसाने बनवलेलं हे पहिलं प्लास्टिक.

खरं तर कारखाना काढायचा त्याचा विचारच नव्हता. पेटंटचं लायसन्स द्यायचं, रॉयल्टी घ्यायची आणि आपण प्रयोगशाळेत बसायचं असा बेत होता. पण लायसन्स घेणाऱ्यांना राळ धड बनवता येईना. तापमान थोडं चुकलं की माल सगळा खलास. तेव्हा आधी घरच्या आवारातच माल बनवून द्यायला सुरुवात केली, आणि १९१० साली न्यू जर्सीत पर्थ अँबॉय इथे जनरल बेकेलाईट कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी जर्मनीत बर्लिनजवळ एर्कनरलाही कारखाना सुरू झाला. त्याने वापरलेल्या पहिल्या दाबपात्राला सगळे ओल्ड फेथफुल म्हणायचे.

माल कुणी घेतला? आधी वीजवाल्यांनी आणि मोटारवाल्यांनी. मग टेलिफोन, रेडिओची पेटी, कॅमेरा, पेनं, बटणं, बिलियर्डचे गोळे. कंपनीच्या जाहिरातीत हजार उपयोगांचा पदार्थ अशी बढाई असायची आणि खुणेत अनंताचं चिन्ह. नकलाही निघाल्या. एडिसनचा सहकारी एल्सवर्थ याने कंडेन्साईट काढलं, दुसऱ्या एकाने रेडमॅनॉल. बेकलंड कोर्टात गेला आणि जिंकला. पण जिंकल्यावर त्याने प्रतिस्पर्ध्यांना बुडवलं नाही, १९२२ साली तिन्ही कंपन्या एकत्र करून बेकेलाईट कॉर्पोरेशन केलं. मला त्याच्या साऱ्या धंद्यात हा निर्णय सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ज्यांच्याशी भांडायला वकील लागतात, तेच लोक त्या राळेतले सर्वांत जाणकार असतात! १९२४ साली तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि टाईम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरही आला.

आज बाजारात रंगीत, लवचीक, पुन्हा वितळवता येणारी कितीतरी प्लास्टिकं आहेत आणि बेकेलाईटचे रेडिओ जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलेत. पण फिनॉलिक राळ गेलेली नाही. ती दिसेनाशी झाली आहे, एवढंच. पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडच्या थरांमधला गोंद, गाडीच्या ब्रेक लायनिंगमधला बंधक, किचन ओट्याखालच्या कपाटावरच्या लॅमिनेटचा आतला तपकिरी कागद, मिनी प्रोजेक्टला आपण घेतो ती स्वस्तातली खाकी पीसीबी. आणि कुकरची मूठ तर आहेच : दाबाखाली शिजलेला पदार्थ दाबाखाली शिजवणाऱ्या भांड्याला.

दुसरी बाजूही लिहायला हवी. ज्या गुणासाठी त्याने हा पदार्थ उचलला, तोच आज अडचणीचा ठरतो. जाळं एकदा विणलं की उसवता येत नाही. थर्मोप्लास्टिकसारखं वितळवून दुसरी वस्तू करता येत नाही. फार तर दळून पुन्हा भराव म्हणून घालायचं. बेकलंडच्या काळात टिकाऊपणा हा निव्वळ सद्गुण होता. तुटलेल्या होल्डरचं पुढे काय होतं, हा प्रश्न त्याच्या वहीत नसणार. आपल्या वहीत तो आला आहे, आणि उसवता येईल असं जाळं विणण्याचं काम पॉलिमरवाल्यांपुढे आहे.

उतारवयात बेकलंड विक्षिप्त झाला. फ्लोरिडात कोकोनट ग्रोव्हला त्याचं मोठं घर होतं. तिथे तो एकटा राहायचा, पांढरे कपडे घालायचा आणि डब्यातलं अन्न डब्यातूनच खायचा. माणसांपेक्षा त्याला आपली बोट आणि बाग बरी वाटायला लागली होती. १९३९ साली कंपनी युनियन कार्बाईडला विकली गेली. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन इथे तो वारला. १९०७ पासून त्याने डायऱ्या लिहिल्या होत्या, साठाहून जास्त वह्या. त्या वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेत ठेवलेल्या आहेत, आणि ओल्ड फेथफुलही त्याच संस्थेच्या संग्रहात आहे.